मालकांची छत्री राहिली

नाटकाच्या त्या थिएटरात माणसांना नावं नव्हती, दारं होती. बाल्कनीच्या उजव्या दारावर उभं राहणाऱ्याला सगळे 'उजवा' म्हणत, मग घरी त्याला कुणी काहीही म्हणो. खाली 'मधला' होता आणि 'शेवटचा'ही होता. शेवटच्याच्या बायकोला हे नाव अजिबात पसंत नव्हतं, पण सांगते कुणाला! बाल्कनीच्या डाव्या दारावर मात्र आक्का होत्या. त्यांना 'डावी' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. एकतीस वर्षं त्या त्याच दारावर उभ्या होत्या, आणि त्यांच्याआधी एकोणतीस वर्षं त्यांचे वडील उभे होते.

खेळ साडेतीनचा असला की आक्का अडीचलाच यायच्या. पिशवी ठेवायच्या आधी डावा जिना उतरून थेट खाली जायच्या. बेचाळीस पायऱ्या. तळाशी रस्त्याकडे उघडणारं लोखंडी दार होतं, त्याची कडी काढलेली आहे ना ते बघायच्या. बघायच्या म्हणजे डोळ्यांनी नव्हे. हात लावून, दार ढकलून, रस्त्यावरचं ऊन पायावर पडलं की मगच परत फिरायच्या. उजवा हसायचा. म्हणायचा, "आक्का, ती कडी गेल्या पन्नास वर्षांत कुणी घातलेली नाही." आक्का म्हणायच्या, "म्हणूनच बघायची."

या कडीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

हे थिएटर बांधलं एका तेलाच्या व्यापाऱ्याने. त्याला नाटकाचं वेड होतं असं समजू नका. त्याच्या समोरच्या कापडवाल्याने सातशे खुर्च्यांचं नाट्यगृह उभारलं, म्हणून याने नऊशेचं बांधलं, इतकं साधं कारण. पण बांधलं ते दणकट. पुढे कापडवाल्याचं थिएटर पडलं, तिथे गाड्या दुरुस्त होऊ लागल्या, आणि तेलवाल्याचं उभं राहिलं. मधली अकरा वर्षं तिथे सिनेमा चालला. पडद्यासाठी ठोकलेल्या खिळ्यांची भोकं रंगमंचाच्या चौकटीत अजून आहेत. मग सिनेमावाले गेले, नाटकं परत आली, आणि आता सगळं एका कंपनीच्या हातात होतं. खुर्च्या बदलल्या, दिवे बदलले, तीन वेळा मालक बदलले. बदलला नाही तो एक शब्द.

आक्का तीन वर्षांच्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. वडील डाव्या दारावर होते आणि थिएटर खच्चून भरलं होतं. दुसऱ्या अंकात रंगमंचावरच्या जाळीच्या पडद्याला दिव्याची धग लागली. दोन बादल्या पाणी पडलं आणि विझलं. खरं तर प्रकरण तिथेच संपलं होतं. पण तेवढ्यात बाल्कनीतून कुणीतरी 'आग!' म्हणून ओरडलं. तीनशे माणसं एकदम उठली. वडिलांनी दार उघडलं, लोक जिन्यावर कोसळले, आणि खाली रस्त्याकडच्या दाराला कडी होती. फुकटे आत शिरू नयेत म्हणून घातलेली. त्या जिन्यावर एकोणीस माणसं गेली. एकाच्याही अंगावर भाजल्याची खूण नव्हती.

तेलवाला मालक त्या दिवशी बाल्कनीतच होता. गडबड झाली तेव्हा तोही जिन्याकडे निघाला होता, पण खुर्चीला अडकवलेली छत्री राहिली म्हणून मागे वळला. तेवढ्या छत्रीमुळे तो वाचला. चार दिवसांनी त्याने सगळ्या नोकरांना रंगमंचावर बसवलं आणि सांगितलं, "आजपासून या इमारतीत तो शब्द कुणी उच्चारायचा नाही. तशी वेळ आलीच तर एकाने दुसऱ्याला एवढंच सांगायचं, 'मालकांची छत्री राहिली.' ऐकलं की दार उघडायचं, जिन्याचे दिवे लावायचे, शेजारच्या दाराला बॅटरी तीनदा दाखवायची आणि मागच्या रांगेपासून लोकांना सावकाश बाहेर काढायचं. हसतमुखाने."

हा नियम ऑफिसच्या भिंतीवर चौकटीत लागला. दारावरच्या माणसाला दिसलं पाहिजे. दारावरच्या माणसाला ऐकू आलं पाहिजे. दारावरच्या माणसाने दार सोडू नये. आणि खाली ठळक अक्षरांत: हा परवलीचा शब्द विनाकारण वापरणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवण्यात येईल.

तेव्हापासून त्या इमारतीत छत्री हा शब्द बंद झाला. प्रेक्षकांच्या विसरलेल्या छत्र्या सामानाच्या खिडकीवर जमा व्हायच्या, पण वहीत त्यांची नोंद 'काळी काठी' अशी व्हायची. रंगीत असली तर 'लाल काळी काठी'. एका नाटकात नायिका म्हणायची, 'तुमची छत्री इथेच राहिली होती.' ते थिएटरवाल्यांनी लेखकाच्या हातापाया पडून बदलून घेतलं, आणि मग ती बिचारी रोज भर पावसाच्या प्रसंगात नायकाला टोपी परत करायची. आक्कांच्या वडिलांचं तर विचारूच नका. घरी तो पहिला, आगीचा शब्द त्यांनी असा वर्ज्य केला की बायकोला 'अगं' म्हणणंही सोडून दिलं. कानाला तसंच लागतं म्हणायचे. आयुष्यभर तिला 'हे बघ' अशी हाक मारली. आणि दुखण्यात पडल्यावर, कुणी काही विचारलेलं नसताना, मधूनच म्हणायचे, "मी माझं दार उघडलं होतं." त्यांना कुणीही कधी बोल लावला नव्हता. पण मन थोडंच ऐकतं?

असं हे दार आक्कांकडे आलं. एकतीस वर्षांत शब्द एकदाही आला नाही. तरी प्रत्येक खेळाला, तिसरी घंटा झाली की आक्कांना धास्ती वाटायची, आणि खेळ सुटला की जायची. तिची सवय झाली होती. ही भीती त्यांना परवडत होती.

दोन वर्षांपूर्वी मात्र तिला दुसरी एक भीती येऊन मिळाली.

एके दिवशी तिसरी घंटा त्यांना ऐकूच आली नाही. उजव्याने पडदा ओढलेला दिसला, म्हणून त्यांनी ओढला. वाटलं, घंटाच बिघडली असेल. मग घरची बेल बिघडली. लेक पंधरा मिनिटं दाराबाहेर उभी राहून बेल दाबत होती आणि आक्का आत शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. लेकीने दुसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर काहीतरी बोलले, ते लेकीने घरी येऊन मोठ्याने सांगितलं. दोन्ही कान जात आहेत, डावा जवळजवळ गेलाच. मशीन लावा.

मशीन आलं. लावलं तर टाळ्यांचा आवाज डोक्यात पत्रे आपटल्यासारखा व्हायचा. पण खरं कारण ते नव्हतं. मशीन लावून दारावर उभं राहिलं की साहेबांना दिसणार. साहेब म्हणजे कंपनीचा मॅनेजर. वयाने लेकीएवढा, माणूस वाईट नाही, पण भिंतीवरच्या चौकटीवर त्याची फार श्रद्धा. दरवर्षी तो दारावरच्या सगळ्यांकडून एका कागदावर सही घ्यायचा. माझी दृष्टी आणि श्रवण ठीक आहे. आक्कांनी यंदाही सही केली होती. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी हात दोनदा धुतले.

"निवृत्तीला अजून दहा महिने राहिलेत," त्या लेकीला म्हणाल्या. "मग मी आपणहोऊन सुटणारच आहे."

"आणि या दहा महिन्यांत ते तुझं काय ते आलं तर?" लेक म्हणाली. तिला शब्द माहीत नव्हता. तो घरीही सांगायचा नसतो.

"एकतीस वर्षांत आलं नाही."

"म्हणजे येणारच नाही असं लिहून दिलंय का कुणी?"

लेक जे विचारत होती तेच त्या स्वतःला रोज विचारत होत्या. शब्द आला आणि मला ऐकूच आला नाही तर? बाल्कनीत तीनशे माणसं, त्यातली निम्मी माझ्या दाराची. वडिलांनी दार उघडलं तरी एकोणीस गेली, मी उघडलंच नाही तर किती?

मग दार सोडायचं? तेही होईना. दार सोडून त्या कोण होत्या? घरी बसलेली एक बहिरी बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी आक्कांनी ती मूठ झाकून धरली आणि एक युक्ती शोधली. त्या ओठ वाचायला शिकल्या. कुणी शिकवलं नाही, गरजेने शिकवलं. आरशासमोर बसून स्वतःच बोलायच्या आणि बघायच्या. प, ब, म आला की ओठ मिटतात. ओ, उ आला की पुढे येतात. दारातला छोटा निळा दिवा त्यांनी वायरमनला सांगून थोडा खाली घेतला, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल. उजव्याला वाटलं, आक्कांची नजर कमी झाली. तेवढं वाटू दिलं.

मालकांची छत्री राहिली. आरशात हे वाक्य त्यांनी शंभरदा पाहिलं असेल, आवाज न काढता. आधी ओठ मिटतात, मग उघडतात, मग दात दिसतात, मग पुन्हा दात दिसतात. आता हे ओठ मी अंधारातही ओळखीन, असं त्यांना वाटू लागलं.

थिएटरच्या कपड्यांचं सगळं बघायला एक शिंपी होता. त्याला सगळे मास्तर म्हणायचे आणि तो स्वतःही स्वतःला मास्तरच म्हणायचा. "मास्तरांना चहा मिळेल का?" "मास्तरांची पाठ धरली आहे." चौतीस वर्षं तो विंगेमागच्या खोलीत मशीनवर बसत होता, आणि त्याच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या असायच्या. त्यामुळे त्याचं बोलणं निम्म्या लोकांना कळायचं नाही. आक्कांना तर टाचण्यांमुळे त्याचे ओठही वाचता यायचे नाहीत. म्हणून मास्तर दिसला की त्या आधी म्हणायच्या, "मास्तर, टाचण्या काढा, गिळाल एखादी." मास्तरला वाटायचं, बाई काळजीने म्हणते. तो टाचण्या काढून सदऱ्याच्या कॉलरला लावायचा.

त्या दिवशी दुपारचा खेळ होता, खुनाचं नाटक, आणि थिएटर भरलेलं. मध्यंतरात डाव्या दाराच्या पडद्याची किनार उसवून खाली लोंबायला लागली. दोन जण अडखळले. आक्कांनी निरोप धाडला, मास्तर वर आला, आक्कांनी सांगितल्यावर टाचण्या कॉलरला लावल्या, खाली बसून त्याने किनार टाचली, आणि तिसऱ्या घंटेला घाईघाईने निघून गेला.

तिसरा अंक सुरू झाला. खुनी कोण ते आता कळायचं होतं. आक्का दार आणि पडदा यांच्यामधल्या बोळात, निळ्या दिव्याखाली उभ्या होत्या. दहा मिनिटं झाली असतील. दार धाडकन उघडलं आणि मास्तर आत आला.

धापा टाकत होता. चेहरा घामाने भिजलेला. चौतीस वर्षांत या माणसाला आक्कांनी पळताना पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे त्याच्या ओठांवर लावले. टाचण्या नव्हत्या. ओठ अगदी मोकळे होते. ते मिटले, उघडले, दात दिसले, पुन्हा दात दिसले. आणि उजव्या कानाला, खोल विहिरीतून आल्यासारखं, शेवटचं एवढंच लागलं. '...त्री राहिली.'

आक्का वळल्या. पुढचं त्यांनी केलं असं म्हणण्यापेक्षा त्यांच्या हातांनी केलं. दाराची दोन्ही कवाडं उघडून भिंतीला लावली. जिन्याच्या दिव्यांचा खटका दाबला. पडदा सारून आत गेल्या आणि पलीकडे बॅटरी तीनदा दाखवली. अंधारात क्षणभर काही नाही. मग उजव्याची बॅटरी तीनदा लागली. त्या मागच्या रांगेशी वाकल्या आणि हसल्या. ते हसू कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही.

"मंडळी, जरा बाहेर चलायचं आहे. इकडून. सावकाश, घाई नाही. पिशव्या घ्या आपल्या."

"का हो?" कुणीतरी विचारलं असावं. ओठ दिसत नव्हते. आक्का नुसत्या मान डोलवत राहिल्या. "हो, हो. इकडून. पायरी बघा."

एक रांग उठली, मग दुसरी. लोक कुरकुरत होते, पण उठत होते. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईला त्यांनी कठड्याच्या बाजूला घेतलं. शेवटच्या रांगेतले एक आजोबा मात्र खुर्ची सोडेनात. आक्कांनी बॅटरी त्यांच्या तोंडावर धरली तेव्हा कळलं, ते म्हणत होते, "खून कुणी केला ते कळू द्या, मग येतो."

"खुनी तुमच्यासाठी थांबेल आजोबा, उठा," आक्का म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून उठवलं.

खुर्च्यांखाली बॅटरी फिरवून, कुणी राहिलं नाही बघून, आक्का सगळ्यांच्या मागून जिना उतरल्या. मधल्या वळणावर त्यांनी कठडा धरला. इथेच. वडिलांनी एकदा बोट दाखवून सांगितलं होतं, इथे. पुढे माणसांच्या पाठी दिसत होत्या, एकामागे एक, हळूहळू खाली जाणाऱ्या, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. आणि खाली लोखंडी दारातून ऊन आत येत होतं. बेचाळिसावी पायरी उतरून त्या उन्हात आल्या तेव्हा त्यांना रडू फुटलं. "सगळे आले," त्या कुणाला तरी सांगत होत्या. "सगळे आले बघा."

रस्त्यावर तीनशे माणसं उभी होती आणि वर छपराकडे बघत होती. धूर नव्हता. काहीच नव्हतं. आतून नाटकाचे संवाद ऐकू येत होते, म्हणजे इतरांना येत होते. खाली तळमजल्यावर शब्द पोचलाच नव्हता, तिथले प्रेक्षक खुशाल बसलेले होते. नटाने म्हणे एकदा मान वर करून पाहिलं, तर बाल्कनी रिकामी. बिचाऱ्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं, आणि पुढचं अर्धं भाषण तो दुप्पट जोराने बोलला.

साहेब धावत बाहेर आला. तोंडचं पाणी पळालं होतं त्याच्या. "कुणी सांगितलं? कुणी सांगितलं बाहेर काढायला?"

"आक्कांची बॅटरी लागली," उजवा म्हणाला.

"मास्तर म्हणाले," आक्का म्हणाल्या. "मास्तरांनी शब्द दिला."

मास्तर विंगेच्या दारातून बाहेर आला होता. त्याच्या हातात मोठी काळी कात्री होती. नायिकेच्या झग्याची चेन अडकली होती, प्रवेश दोन मिनिटांवर आला होता आणि कात्री मध्यंतरात वर बाल्कनीच्या दाराशी स्टुलावर राहिली होती. ती आणायला तो पळत गेला होता. आक्का वळल्या तेव्हा त्याला वाटलं, कात्री शोधायलाच वळल्या. तोवर त्याला स्वतःलाच ती दिसली, आणि तो उचलून पळाला.

"मास्तर म्हणाले," मास्तर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मास्तरांची कात्री राहिली."

तेलवाला मालक व्यापारी होता, कवी नव्हता. छत्रीला कात्रीचं यमक जुळतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि पन्नास वर्षांत दुसऱ्या कुणाच्याही नाही.

साडेसहाला, संध्याकाळच्या खेळाआधी, साहेबाने आक्का, मास्तर आणि उजवा अशा तिघांना ऑफिसात बोलावलं. बाल्कनीच्या लोकांना दुसऱ्या दिवसाचे पास देऊन झाले होते. कंपनीला सांगायला एक कारण हवं होतं, आणि ते साहेबाने शोधलं होतं. टेबलावर कोरा कागद होता. मागे भिंतीवर चौकट होती.

"मास्तर, तुम्ही टाचण्या तोंडात धरून बोलता," साहेब म्हणाला. "लोक 'ध'चा 'मा' करतात, तुमच्या तोंडात 'क'चा 'छ' झाला. बरोबर?"

मास्तर कात्री मांडीवर ठेवून बसला होता. "असेल साहेब. टाचण्या असतातच तोंडात."

"आजही होत्या?"

"नेहमीच असतात," मास्तर म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं. "चूक मास्तरांचीच."

साहेबाने मान खाली घालून लिहायला घेतलं. आक्कांनी कागदावर नजर टाकली. उलटं असलं तरी कळत होतं. शब्दाचा गैरवापर. शिंपी. आजपासून.

चौतीस वर्षं. आणि माणूस हूं की चूं न करता मान डोलावतोय, कारण त्याला स्वतःच्या तोंडाची खात्री नाही. गप्प बसलं तर सगळं मिटत होतं. दार राहत होतं, दहा महिने निघत होते. कुणी त्यांच्याकडे बोटही दाखवत नव्हतं. उलट उजवा सारखा सांगत होता, घड्याळ लावून पाहिलं, साडेपाच मिनिटांत बाल्कनी रिकामी, एकाचाही पाय मुरगळला नाही, आक्का म्हणजे आक्का. आणि टाचण्या नव्हत्या हे जगात एकट्या आक्कांना ठाऊक होतं. त्यांनीच तर ते ओठ बघितले होते. पण ओठ का बघत होतात, असं कुणी विचारलं तर?

साहेब उठला, खिडकीशी गेला, बाहेर बघत उभा राहिला. त्याचे खांदे हलले. तो काहीतरी बोलला. उजव्याने आणि मास्तरने आक्कांकडे पाहिलं. म्हणजे प्रश्न त्यांना होता.

अशा वेळी काय करायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं तेच केलं होतं. थोडं थांबायचं, मग 'हो' म्हणायचं. बहुतेक प्रश्नांना 'हो' चालतं.

मास्तर त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या कॉलरला चार टाचण्या होत्या, एका ओळीत, दुपारी मध्यंतरात लावल्या होत्या तशाच.

"साहेब," आक्का म्हणाल्या, "इकडे तोंड करून बोला. ओठ दिसल्याशिवाय मला कळत नाही."

साहेब वळला.

"मास्तरांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. त्या बघा, कॉलरला आहेत. ते कात्रीच म्हणाले असणार. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

"पण तुम्ही सही केलीत," साहेब म्हणाला. या वेळी अगदी सावकाश, समोर तोंड करून.

"केली. खोटी केली." आपला आवाज केवढा मोठा लागतोय याचा त्यांना अंदाज येत नव्हता. "मला रोज वाटायचं, शब्द येईल आणि मला ऐकू येणार नाही. न आलेला ऐकू येईल, असं कधी वाटलं नाही."

साहेबाने कागद फाडला. चौकटीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "दारावर नाही, आक्का. आजपासूनच नाही. खाली सामानाच्या खिडकीवर बसा. तिथे लोक समोर उभे राहून बोलतात."

मास्तर बाहेर आल्यावर जिन्यापर्यंत आक्कांच्या बरोबर चालत आला. "मास्तरांना वाटायचं, तुम्ही काळजीने टाचण्या काढायला सांगता."

"काळजी होतीच," आक्का म्हणाल्या. "पण माझी."

संध्याकाळच्या खेळाला डाव्या दारावर तिकीट खिडकीवरची बाई येणार होती. तिशीतली, चटपटीत, तिसऱ्या घंटेला थोडाच वेळ होता आणि तिला हे काय झेपतंय याची धाकधूक तोंडावर दिसत होती. आक्का तिला आधी खाली घेऊन गेल्या. बेचाळीस पायऱ्या. तिचा हात धरून कडीला लावला, दार ढकलायला लावलं. मग वर आणलं, खटका दाखवला, निळा दिवा दाखवला.

"आणि तो शब्द?" ती म्हणाली. "साहेब म्हणाले, तुम्ही सांगाल."

आक्कांनी इकडे तिकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी तो शब्द या इमारतीत मोठ्याने उच्चारला नव्हता. त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि वाक्य सांगितलं.

"आता तू म्हण. आवाज काढू नको, नुसते ओठ हलव."

ती निळ्या दिव्याखाली उभी राहिली आणि तिने ओठ हलवले. मालकांची छत्री राहिली. आक्का बघत होत्या.

"आता म्हण, मास्तरांची कात्री राहिली."

तिने तेही म्हटलं. ओठ मिटले, उघडले, दात दिसले, पुन्हा दात दिसले. आक्कांना दोन्हींत तसूभरही फरक दिसला नाही. त्या स्वतःशीच मान हलवत राहिल्या. मग त्यांनी गळ्यातली बॅटरी काढून तिच्या गळ्यात घातली.

"ओठांवर जाऊ नकोस बाई," त्या म्हणाल्या. "तुला कान आहेत. ऐक."